ब्रिटनच्या शालेय संगणकांचा वारसा: दोन स्वस्त प्रोसेसर, एक सरकारी योजना आणि मोबाइलमधील चिप

जगभरातील जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आज ‘आर्म’ रचनेचा प्रोसेसर असतो. या रचनेचा उगम अमेरिकेतील एखाद्या बलाढ्य उद्योगसमूहात नव्हे, तर शाळांसाठी संगणक तयार करणाऱ्या ब्रिटनमधील केंब्रिज येथील एका लहान कंपनीत झाला. त्या कंपनीला शाळांची बाजारपेठ मिळवून देणारा निर्णय एका सार्वजनिक प्रसारण संस्थेने आणि सरकारी अनुदानाने मिळून घडवला होता. शालेय वयापासून संगणकीय विचार आणि आज्ञालेखन शिकवण्याचा पुरस्कार भारताच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये करण्यात आला आहे. या पार्श्वभूमीवर ब्रिटनचा चार दशकांपूर्वीचा हा प्रयोग, त्याचे यश आणि त्याच्या मर्यादा समजून घेणे उद्बोधक ठरते.

दोन चिप, दोन विचार

१९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत संगणक ही विद्यापीठे, बँका आणि मोठ्या कारखान्यांची मालमत्ता होती. संगणकाची मध्यवर्ती प्रक्रिया एकाच चिपवर करणारे मायक्रोप्रोसेसर बाजारात आले होते, परंतु त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘एमओएस टेक्नॉलॉजी’ या कंपनीने ‘६५०२’ हा प्रोसेसर अवघ्या २५ डॉलरला विकण्यास सुरुवात केली आणि हे चित्र पालटले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, ‘झायलॉग’ या कंपनीचा ‘झेड ८०’ बाजारात आला. ब्रिटनमधील बहुतेक सर्व आरंभीचे घरगुती आणि शालेय संगणक या दोन चिपपैकी एकीवर उभे राहिले.

दोन्ही चिप ८ बिटच्या होत्या आणि दोन्ही ६४ किलोबाइटपर्यंतची मेमरी थेट हाताळू शकत. मात्र त्यांच्या रचनेमागील विचार भिन्न होता. सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर असलेल्या ६५०२ मध्ये आकडे तात्पुरते ठेवण्यासाठीच्या जागा, म्हणजे रजिस्टर, अगदी मोजक्या होत्या. ही उणीव भरून काढण्यासाठी मेमरीतील पहिल्या २५६ बाइटपर्यंत विशेष वेगाने पोहोचण्याची सोय त्यात केलेली होती. झेड ८० मध्ये सुमारे साडेआठ हजार ट्रान्झिस्टर होते. त्यात रजिस्टरांचे दोन संच होते, आज्ञांची संख्या मोठी होती आणि स्वस्त ‘डायनॅमिक’ मेमरी ताजी ठेवण्याची यंत्रणा चिपमध्येच बसवलेली होती. त्यामुळे संगणकाच्या फलकावरील काही सुटे भाग वाचत.

या फरकामुळे केवळ मेगाहर्ट्‌झच्या आकड्यावरून संगणकाचा वेग ठरवणे फसवे ठरे. झेड ८० ला सर्वांत साधी आज्ञा पार पाडण्यासाठीही घड्याळाची किमान चार आवर्तने लागत, तर ६५०२ ला दोन पुरत. म्हणूनच २ मेगाहर्ट्‌झवर चालणारा ६५०२ हा साडेतीन मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या झेड ८० पेक्षा अनेक कामांत सरस ठरत असे.

शंभर पौंडांच्या आतील संगणक

ब्रिटनमध्ये संगणक घराघरांत नेण्याचे श्रेय प्रामुख्याने क्लाइव्ह सिंक्लेअर यांना दिले जाते. त्यांच्या कंपनीचा ‘झेडएक्स ८०’ हा संगणक १९८० मध्ये ९९ पौंड ९५ पेन्स या किमतीला बाजारात आला. स्वतः जोडणी करू इच्छिणाऱ्यांसाठी सुट्या भागांचा संच ७९ पौंड ९५ पेन्सला मिळत असे. पडदा म्हणून घरातील दूरचित्रवाणी संच आणि आज्ञावली साठवण्यासाठी साधा कॅसेट रेकॉर्डर वापरायचा, अशी ही काटकसरीची योजना होती. मेमरी होती अवघी १ किलोबाइट.

किंमत उतरवण्यासाठी सिंक्लेअर यांच्या अभियंत्यांनी पडद्यावर चित्र उमटवण्याचे कामही मुख्य प्रोसेसरवरच सोपवले. परिणामी, संगणक आकडेमोड करू लागला की पडदा कोरा होई आणि एखादी कळ दाबली तरी चित्र क्षणभर थरथरे. मार्च १९८१ मध्ये आलेल्या ‘झेडएक्स ८१’ मध्ये यावर तोडगा काढण्यात आला. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील मजकुराच्या वरचा आणि खालचा रिकामा पट्टा रेखाटला जात असताना मिळणाऱ्या सवडीत प्रोसेसर आकडेमोड करी. चित्र स्थिर राही, पण वेग मंदावे. घाई असेल तर पडदा कोरा ठेवून पूर्ण वेगाने काम करून घेण्याची मुभाही वापरकर्त्याला होती.

झेडएक्स ८१ ची किंमत ६९ पौंड ९५ पेन्सपर्यंत उतरली ती ‘यूएलए’ या चिपमुळे. फेरांटी या ब्रिटिश कंपनीच्या या चिपमध्ये तर्कद्वारे आधीच तयार असत. ती परस्परांशी कशी जोडायची, हे ठरवणारा धातूचा शेवटचा थर तेवढा ग्राहकाच्या गरजेनुसार चढवला जाई. नवी चिप मुळापासून घडवण्याचा प्रचंड खर्च त्यामुळे टळे. झेडएक्स ८० मध्ये २१ चिप होत्या. झेडएक्स ८१ मध्ये त्यांची संख्या चारवर आली.

२३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झालेल्या ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ने याच सूत्राला रंग आणि ध्वनीची जोड दिली. १६ किलोबाइटच्या संगणकाची किंमत १२५ पौंड, तर ४८ किलोबाइटच्या संगणकाची १७५ पौंड होती. त्याची रबरी कळा असलेली छोटी काळी पेटी पुढे एका पिढीच्या बालपणाची खूण बनली. येथेही काटकसर होतीच. पडद्यावर २५६ गुणिले १९२ ठिपके उमटत. मात्र रंगांची नोंद प्रत्येक ठिपक्यासाठी न ठेवता ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकटीसाठी ठेवली जाई. त्यामुळे संपूर्ण रंगीत चित्र केवळ ६,९१२ बाइटमध्ये मावत असे. त्याचा तोटा असा की, खेळातील एखादी आकृती दुसऱ्या रंगाच्या भागावरून सरकली की संपूर्ण चौकटीचा रंग बदलून जाई. या मर्यादेशी झुंजतच ब्रिटनमधील अनेक किशोरवयीन मुलांनी घरी बसून खेळ तयार केले आणि ते कॅसेटवर विकले. तेथील संगणकीय खेळांच्या उद्योगाचा पाया या घरगुती धडपडीत आहे.

प्रसारण संस्थेचा पुढाकार

सिंक्लेअर यांचे संगणक बाजारपेठेच्या बळावर पसरले. शाळांची कहाणी मात्र वेगळी आहे. मायक्रोप्रोसेसरमुळे रोजगारावर काय परिणाम होईल, या प्रश्नाची ऊहापोह करणारा माहितीपट बीबीसीने १९७८ मध्ये प्रसारित केला आणि ब्रिटनमध्ये या विषयावर सार्वजनिक चर्चेला उधाण आले. नवे तंत्र थोपवता येणार नसेल तर नागरिकांना ते समजावून द्यायला हवे, या भूमिकेतून बीबीसीने संगणक साक्षरता प्रकल्प हाती घेतला. दूरचित्रवाणी मालिका, पुस्तके, अभ्यासक्रम आणि प्रेक्षकाला स्वतः हाताळून पाहता येईल असा संगणक, अशी त्याची चतुरंग आखणी होती.

या संगणकासाठी प्रथम ‘न्यूब्रेन’ या यंत्राचा विचार झाला होता. तो बारगळल्यावर अन्य उत्पादकांना संधी मिळाली. हरमन हाउझर आणि सिंक्लेअर यांचे माजी सहकारी ख्रिस करी यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेली एकॉर्न ही कंपनी त्यांपैकी एक होती. बीबीसीचे अधिकारी पाहणीसाठी येणार होते, तेव्हा एकॉर्नच्या नव्या संगणकाचा केवळ आराखडा कागदावर होता. प्रात्यक्षिक आठवड्याभरात उभे करता येईल का, असे हाउझर यांनी सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोन तरुण अभियंत्यांना स्वतंत्रपणे विचारले. दोघांनीही आधी नकार दिला. मात्र दुसऱ्याला ते शक्य वाटते, असे हाउझर यांनी प्रत्येकाला सांगितले आणि दोघेही कामाला लागले. पाहुणे येण्यापूर्वी काही तास आधी प्रारूप सुरू झाले आणि करार एकॉर्नच्या पदरात पडला.

‘बीबीसी मायक्रो’ डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आला आणि जानेवारी १९८२ मध्ये त्याच्याशी संलग्न दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. सुमारे १२ हजार संगणक विकले जातील, असा आरंभीचा अंदाज होता. प्रत्यक्षात ही संख्या अखेरीस सुमारे १५ लाखांवर गेली.

सरकारी धोरणाचा यात मोठा वाटा होता. ब्रिटनच्या उद्योग खात्याने १९८१ मध्ये माध्यमिक शाळांसाठी योजना जाहीर केली. शाळेने मान्यताप्राप्त ब्रिटिश संगणक घेतल्यास निम्मी किंमत सरकार देणार होते. माध्यमिक शाळांना ऑक्सफर्डच्या रिसर्च मशीन्स कंपनीचा झेड ८० वर चालणारा ‘३८० झेड’ किंवा बीबीसी मायक्रो यांतून निवड करायची होती. प्राथमिक शाळांसाठी १९८२ मध्ये योजना आली, तेव्हा स्पेक्ट्रमलाही यादीत स्थान मिळाले. शिक्षकांचे प्रशिक्षण आणि शैक्षणिक आज्ञावली यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम चालवण्यात आला. यंत्र, शिक्षक आणि पाठ्यसामग्री या तिन्हींचा एकाच वेळी विचार झाला, हे या योजनेचे वैशिष्ट्य होते.

वर्गात टिकणारे यंत्र

बीबीसी मायक्रोचे ‘बी’ प्रारूप लवकरच ३९९ पौंडांवर गेले. स्पेक्ट्रमच्या दुपटीहून अधिक असलेल्या या किमतीत शाळेला काय मिळत होते? पहिली गोष्ट म्हणजे मजबूत बांधणी आणि टंकलेखन यंत्रासारखा खरा कळफलक. दुसरी गोष्ट म्हणजे वेग. ६५०२ प्रोसेसर घड्याळाच्या प्रत्येक आवर्तनाच्या एका अर्ध्या भागातच मेमरीकडे वळतो. एकॉर्नच्या अभियंत्यांनी दुप्पट वेगाची मेमरी वापरून उरलेला अर्धा भाग चित्र उमटवणाऱ्या यंत्रणेला देऊन टाकला. दोघे आळीपाळीने एकच मेमरी वापरत आणि कोणालाही थांबावे लागत नसे. स्पेक्ट्रममध्ये मात्र चित्र रेखाटण्याच्या वेळी, मेमरीचा सामाईक भाग वापरू पाहणाऱ्या प्रोसेसरला अनेकदा खोळंबावे लागे.

तिसरी गोष्ट म्हणजे विस्ताराची सोय. तापमान, प्रकाश यांसारख्या राशी मोजणारी उपकरणे जोडण्यासाठी या संगणकात तयार जोडण्या होत्या. त्यामुळे तो विज्ञानाच्या प्रयोगशाळेतही उपयोगी पडे. ‘इकोनेट’ या जाळ्याद्वारे वर्गातील अनेक संगणक एकमेकांना जोडून महागडी डिस्क यंत्रणा सामाईकपणे वापरता येई. ‘ट्यूब’ नावाच्या जोडणीतून दुसरा, अधिक ताकदवान प्रोसेसर बाहेरून जोडता येई. या शेवटच्या सोयीने पुढे इतिहास घडवला.

मेमरीची चणचण मात्र येथेही होती. ‘बी’ प्रारूपात ३२ किलोबाइट मेमरी होती आणि सर्वाधिक बारकाव्याच्या चित्रासाठी त्यातील २० किलोबाइट खर्ची पडत. उलट, दूरचित्रवाणीच्या टेलिटेक्स्ट पद्धतीचा पडदा वापरल्यास केवळ १ किलोबाइट पुरे. विद्यार्थ्याला आज्ञावली लिहिताना या जमाखर्चाचा विचार करावाच लागे. संगणक सुरू करताच पडद्यावर चित्रे किंवा यादी येत नसे. येई ती आज्ञेची वाट पाहणारी खूण. काही तरी लिहिल्याखेरीज यंत्र हलत नसल्याने वापरकर्ता आणि आज्ञालेखक यांच्यातील भिंत अतिशय पातळ होती. सोफी विल्सन यांनी लिहिलेली ‘बीबीसी बेसिक’ ही भाषा त्या काळातील इतर बेसिक भाषांपेक्षा शिस्तबद्ध होती. मोठे काम छोट्या, नाव दिलेल्या भागांत विभागण्याची सवय ती लावत असे.

संकटातून निघालेली वाट

१९८४ च्या नाताळात ब्रिटनमधील घरगुती संगणकांची बाजारपेठ कोसळली. गोदामांत माल पडून राहिला. वेल्समध्ये मोटोरोलाच्या ६८०९ प्रोसेसरवर ‘ड्रॅगन ३२’ बनवणारी कंपनी त्याआधीच बुडाली होती. १९८५ च्या आरंभी इटलीच्या ऑलिव्हेट्टी कंपनीने अडचणीत आलेल्या एकॉर्नचा मोठा हिस्सा विकत घेतला. १९८६ मध्ये सिंक्लेअर यांचा संगणक व्यवसाय आणि नाव अ‍ॅमस्ट्रॅडने ५० लाख पौंडांना घेतले. अनेक प्रकारचे, परस्परांशी न जुळणारे संगणक मागे पडून आयबीएमच्या धर्तीवरील संगणकांचे युग सुरू झाले.

याच पडझडीच्या काळात एकॉर्नमधील छोटा गट नव्या प्रोसेसरवर काम करीत होता. ६५०२ नंतर काय, असा प्रश्न कंपनीसमोर होता. तेव्हा उपलब्ध असलेले १६ आणि ३२ बिटचे प्रोसेसर गटाने तपासले. मेमरीची क्षमता ते पुरती वापरत नाहीत आणि बाहेरून आलेल्या संकेताला विलंबाने प्रतिसाद देतात, असे त्यांना आढळले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी मांडलेला विचार त्यांना मार्गदर्शक ठरला. मोजक्या, साध्या आणि झटपट पार पडणाऱ्या आज्ञांवर प्रोसेसर उभारावा, असा तो विचार होता. पुढे ६५०२ ची परंपरा चालवणाऱ्या अमेरिकेतील एका लहानशा कंपनीला त्यांनी भेट दिली. मोजकी माणसेही प्रोसेसर घडवू शकतात, असा आत्मविश्वास त्यांना तेथे मिळाला.

विल्सन यांनी आज्ञासंच आखला, तर फर्बर यांनी चिपची अंतर्रचना केली. त्या रचनेची आभासी चाचणी बीबीसी मायक्रोवर, बीबीसी बेसिकमध्ये लिहिलेल्या आज्ञावलीने झाली. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हाती आली आणि ती पहिल्याच प्रयत्नात चालली. त्यात सुमारे २५ हजार ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षीच्या इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये ही संख्या २ लाख ७५ हजार होती.

या चिपचा विजेचा वापर कमी ठेवण्यामागे मोबाइलचे स्वप्न नव्हते. स्वस्त प्लॅस्टिकच्या आवरणात ती तापून खराब होऊ नये, एवढाच हेतू होता. चाचणीच्या वेळी फर्बर यांनी वीजमापक लावला, तर तो शून्य दाखवू लागला. तपास केल्यावर कळले की, चिपचा मुख्य वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर तारांतून येणाऱ्या संकेतांच्या पाझरणाऱ्या विजेवरच ती चालत होती. ही नवी चिप सर्वप्रथम विक्रीला आली तीही बीबीसी मायक्रोच्या ‘ट्यूब’ला जोडायचा दुसरा प्रोसेसर म्हणूनच. १९८७ मध्ये तिच्या सुधारित आवृत्तीवर ‘आर्किमिडीज’ हा संगणक आला आणि तोही मुख्यत्वे ब्रिटिश शाळांत गेला.

१९९० मध्ये एकॉर्न, अ‍ॅपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी यांनी मिळून स्वतंत्र कंपनी स्थापन केली. ही कंपनी स्वतः चिप न बनवता रचनेचे परवाने इतरांना देऊ लागली. हातात धरायच्या उपकरणांना कमी विजेवर चालणारा प्रोसेसर हवाच होता. शाळांसाठी केलेली काटकसर अशा रीतीने मोबाइल युगाची गरज ठरली. या कंपनीचे एक मोठे अभियांत्रिकी केंद्र आज बंगळुरू येथे आहे.

भारतातील अध्याय

ब्रिटनच्या या प्रयोगाचा भारताशी थेट संबंध आला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. त्यासाठी बीबीसी मायक्रोची निवड झाली. असे सुमारे १२ हजार संगणक राज्य सरकारांमार्फत माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांना देण्यात आले. देशातील विद्यार्थ्यांच्या एका पिढीने संगणक प्रथम पाहिला तो या यंत्राच्या रूपात. स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त आवृत्तीही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात देशात विकली.

आठव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात ‘क्लास’ ही केंद्रपुरस्कृत योजना झाली, तेव्हा बीबीसी मायक्रोची जागा आयबीएमच्या धर्तीवरील नव्या संगणकांनी घेतली. १९८४ मध्ये निवडलेले यंत्र दशकभरातच कालबाह्य ठरले होते. एका विशिष्ट यंत्राभोवती बांधलेल्या शैक्षणिक योजनेचा हा धोका ब्रिटननेही अनुभवला. १९८६ मध्ये लाखो नागरिकांच्या सहभागातून बीबीसीने देशाच्या दैनंदिन जीवनाचा मोठा दस्तऐवज तयार केला आणि तो लेझर तबकड्यांवर साठवला. काही वर्षांतच ती तबकडी वाचू शकणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि तज्ज्ञांना तो मजकूर सोडवण्यासाठी विशेष परिश्रम घ्यावे लागले.

वापरकर्ता की निर्माता

कालांतराने ब्रिटिश शाळांतील संगणकशिक्षणाचा रोख बदलला. आज्ञालेखन मागे पडले आणि तयार कार्यालयीन आज्ञावली वापरण्याचे शिक्षण पुढे आले. २०१२ मध्ये रॉयल सोसायटीने आपल्या अहवालात या स्थितीवर बोट ठेवले आणि सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडमध्ये संगणनाचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांची संख्या आणि त्यांची पूर्वतयारी घटल्याचे पाहून एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रास्पबेरी पाय’ हा स्वस्त संगणक तयार केला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला. त्यात आर्म रचनेचा प्रोसेसर आहे. त्याच्या प्रारूपांना ‘ए’ आणि ‘बी’ ही नावे बीबीसी मायक्रोवरून देण्यात आली. २०१६ मध्ये बीबीसीनेही पुन्हा पुढाकार घेऊन ‘मायक्रोबिट’ हे छोटे यंत्र शालेय विद्यार्थ्यांना मोफत वाटले.

या इतिहासातील यंत्रे आज संग्रहालयांत आहेत. त्यांतील मेमरी आजच्या मोबाइलमधील एका छायाचित्रालाही अपुरी पडेल. तरीही आज्ञा दिल्याखेरीज काहीही न करणाऱ्या त्या यंत्रांनी मुलांना प्रश्न विचारण्यास भाग पाडले. त्यासोबत शिक्षकांचे प्रशिक्षण, पाठ्यसामग्री आणि प्रसारणाचे बळ उभे होते. भारतीय शाळांत नव्याने आज्ञालेखन शिकवले जात असताना वर्गात किती संगणक पोहोचले, हा मोजमापाचा सोपा भाग आहे. त्यांच्यापुढे बसलेल्या विद्यार्थ्याला तयार आज्ञावली चालवायला शिकवले जाते की स्वतःची आज्ञावली लिहायला, यावर त्या खर्चाचे फळ ठरणार आहे.